हे पुढे थांबलेत

रिक्षाच्या नंबराचा फोटो काढायला ऑपरेटरबाई वाकल्या, तशी खांद्यावरची पिशवी घसरून थेट कोपरापर्यंत आली. फोटोत अर्धा नंबर आणि अर्धा त्यांचाच अंगठा. दुसरा काढला, तो लेकीला पाठवला, मग बॅग आत ढकलली आणि शेवटी स्वतः बसल्या. रिक्षावाला हा सगळा सोहळा आरशातून बघत होता. पन्नाशीचा असावा, केस पांढरे, मिशी मात्र काळीभोर.

"एकट्याच का, काकू?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र आठ दिवस आधी ठरलेलं होतं.

"नाही. हे पुढे थांबलेत. वस्तुसंग्रहालयाच्या पायऱ्यांवर."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं कानाला यंत्र लावून काढलेली बाई. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत अजून त्या ऑपरेटरबाईच होत्या. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे त्यांना नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं, पण स्वतः थाप मारायची वेळ आली की ततपप. ही थाप त्यांची नव्हतीच, लेकीची होती. अनोळखी शहरात एकटीने जायचं म्हटल्यावर लेकीने अकरा सूचना लिहून पाठवल्या होत्या. गाडीच्या नंबराचा फोटो काढायचा, पोचल्या पोचल्या फोन करायचा, हॉटेलचं नाव कोणाला सांगायचं नाही. सातवी सूचना होती, बाबा पुढे थांबलेत असं सांगायचं.

"अगं, पण ते..." बाई फोनवर म्हणाल्या होत्या.

"रिक्षावाल्यांना काय कळतंय, आई!"

बाबांना जाऊन तेव्हा चौदा महिने होत आले होते. मग लेकीने अट घातली. एक जरी गोष्ट वेडीवाकडी वाटली तर पहिल्या गाडीने परत यायचं, आणि पुन्हा एकटीने प्रवासाचं नाव काढायचं नाही. बाईंनी मुकाट्याने मान्य केलं. चार दिवसांची ही सहल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने ठरवली होती आणि ती त्यांना मनापासून हवी होती.

"साहेब पुढे आणि तुम्ही सामान घेऊन मागे?" रिक्षावाल्याने विचारलं. "ही कुठली पद्धत?"

इथे गप्प बसायला हवं होतं. अनोळखी माणसाशी गप्पा मारायच्या नाहीत, ही चौथी सूचना. पण रिक्षावाल्याने दुखरी जागाच नेमकी पकडली होती.

"त्यांचं हे नेहमीचंच आहे हो. गाडीतून उतरले की निघाले तरातरा. मागे बायको आहे, बॅग आहे, काही नाही. आणि रस्ता कोणाला विचारायचा नाही, हा एक बाणा. एकदा माझ्या भावाच्या नव्या घरी निघालो, तर दोन तास फिरवून पुन्हा आमच्याच दारात आणून उभं केलं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझ्या भावाने दार अगदी आपल्यासारखं लावलंय."

रिक्षावाला इतका हसला की पुढच्या टेम्पोला जवळजवळ टेकला. बाईही हसल्या. मग यांचं घोरणं निघालं, वर्तमानपत्र वाचून झाल्यावर पानं भलत्याच क्रमाने लावून ठेवणं निघालं. रिक्षावालाही आपल्या बायकोची बाजू घेऊन स्वतःच्या दोन-चार खोडी सांगत होता. बाईंना कितीतरी दिवसांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. माणूस गेल्यापासून घरात त्याच्याबद्दल तक्रार करायची सोयच राहिली नव्हती. जो तो 'देवमाणूस होता हो' म्हणून हात जोडायचा, आणि देवमाणसाचं घोरणं कोणाला सांगणार? लेकीसमोर तर विषयच काढता येत नव्हता, तिचे डोळे लगेच भरून यायचे. त्या चौदा महिन्यांत नवऱ्याचा फोटो होत गेला होता. इथे या रिक्षात तो चौकापुढे कुठेतरी उभा होता आणि बाईंना त्याचा चांगला राग आला होता.

वस्तुसंग्रहालय आलं. रुंद दगडी पायऱ्या, उन्हाने तापलेल्या. शाळेच्या मुलांची रांग, फोटो काढणारी जोडपी, फाटकाशी स्टुलावर बसलेला पहारेकरी. भाडं स्टेशनातच चुकतं केलेलं होतं.

"जा तुम्ही," बाई बॅग ओढून घेत म्हणाल्या.

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं.

"कुठे आहेत साहेब?"

"येतील. आत गेले असतील."

"येऊ देत की. मला घाई नाही."

तो रिक्षाला टेकून उभा राहिला आणि पायऱ्यांवरचा एकेक माणूस न्याहाळू लागला. आता मात्र बाई सावध झाल्या. हा का थांबलाय? हसरा आवाज, त्यात खोट काही ऐकू आली नव्हती. पण फोनवर आवाज ऐकून ओळखणं वेगळं आणि परक्या शहरात हाताभर अंतरावर उभा असलेला माणूस ओळखणं वेगळं. बॅग उचलून चालू लागावं, तर हा मागे येईल का?

"फोन लावा ना त्यांना," तो म्हणाला.

बाईंनी फोन कानाला लावला. आयुष्यभर लाखो माणसांचे फोन जोडून दिलेली बाई कोणालाच न लावलेल्या फोनमध्ये बोलू लागली. "अहो, कुठे आहात? मी खाली उभी आहे. हो, हो, या ना लवकर..."

आणि तेवढ्यात तो फोन कानाशीच खणखणून वाजला.

रिक्षावाल्याने चटकन मान वळवली आणि फडकं काढून समोरची काच पुसायला घेतली. काच तशी स्वच्छच होती.

"पोचलीस? रिक्षावाला गेला?" लेक होती.

"नाही. थांबलाय."

"थांबलाय? का? बाबांचं सांगितलं नाहीस का?"

"सांगितलं ना. म्हणूनच थांबलाय."

"आई, तिथल्या पहारेकऱ्याजवळ जाऊन उभी राहा. मी परतीचं तिकीट बघते. मला माहीतच होतं—"

"दोन मिनिटांत फोन करते," म्हणून बाईंनी फोन ठेवला. लेकीचा फोन त्यांनी असा मध्येच कधी तोडला नव्हता. त्या रिक्षाशी गेल्या.

"ते नाहीत हो," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षीच गेले. मी एकटीच आले आहे."

एवढं बोलताना त्यांचा आवाज अजिबात चाचरला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

रिक्षावाल्याने फडक्याची घडी घातली.

"आमच्या स्टँडचा नियम आहे, काकू. सामान घेतलेली बाई उतरली आणि तिला घ्यायला कोणी येणार असेल, तर तो माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलायचं नाही. मागे एकीला मी असाच सोडून गेलो होतो. घ्यायला येणारा आलाच नाही, पोरगी संध्याकाळपर्यंत रस्त्यावर बसून." तो थांबला. "एकटी आहे म्हणाला असतात, तर बॅग आत नेऊन देऊन केव्हाच गेलो असतो."

बाईंना हसावं की रडावं कळेना.

"आणि एक सांगू? पुढे थांबलेत असं सांगू नका. माणूस दिसला नाही की फजिती होते. मागून येतायत म्हणावं. मागून येणाऱ्यासाठी कोणी थांबत नाही."

त्याने बॅग उचलली, सामान ठेवायच्या खोलीपर्यंत नेली, बिल्ला बाईंच्या हातात दिला आणि आला तसा निघून गेला.

बाई पायरीच्या कडेला सावलीत बसल्या आणि लेकीला फोन लावला.

"गेला तो. भला माणूस होता. मी काही परत येत नाहीये."

"तू काय सांगितलंस त्याला?"

"खरं ते. त्याआधी मात्र तुझ्या बाबांच्या पुष्कळ तक्रारी सांगितल्या. तरातरा पुढे जातात, घोरतात, पेपरची पानं उलटीसुलटी लावतात."

तार जोडलेली आहे की तुटली, हे ओळखायला बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. आता ही रडणार, असं त्यांना वाटलं.

"आई," लेक म्हणाली, "माझं सायकल शिकणं आठवतं? त्यांनी मागून हात सोडला आणि शेजाऱ्यांशी गप्पा मारत बसले. मी गटारात. मी अजून त्यांना माफ केलेलं नाही."

"काय सांगतेस! मला म्हणाले, पोरगी पहिल्याच दिवशी शिकली."

"खोटारडे," लेक म्हणाली, आणि हसायला लागली. "थांब, अजून आहेत."

"सांग," बाई म्हणाल्या, आणि चप्पल काढून पाय लांब करून बसल्या.