आठाची कळ

"शंका आली, की वरचा आकडा लावायचा, बाई. मुलं आपलीच समजायची..." पहिल्या दिवशीचं साहेबांचं हे सांगणं तिच्या बोटांतच जाऊन बसलं होतं, आणि कीबोर्डवरच्या आठाच्या कळेवरचा आकडा पार पुसून गेला होता, इतक्या वेळा तिनं अठरा मारलं होतं. व्हिडिओ यायचा, खेळ यायचा, ती डोळे न मिटता बघायची, बारा, पंधरा किंवा अठरा असा वयाचा आकडा लावायची. आणि अठरावालं मुलांचा म्हणून नोंदवलेल्या मोबाइलवर उघडायचंच नाही. सरकारनं काही सांगितलेलं नव्हतं. मोबाइल कंपन्यांनीच एका टेबलाशी बसून हे नियम स्वतःवर घालून घेतले होते, आणि त्या टेबलाशी तीही होती.

आज मात्र समोरचा व्हिडिओ थांबवून ती त्या कोऱ्या कळेकडेच बघत बसली होती. सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला होता... मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसते ती.

"ताई, रागावणार नसशील तर सांगते."

"म्हणजे रागावण्यासारखंच आहे."

"काल शाळा सुटल्यावर तुझी लेक सरळ माझ्याकडे आली. म्हणाली, मावशी, हे परत दिसणार नाही असं कर ना."

"काय दिसलं तिला?"

"ते नाही मी सांगायची. शब्द दिलाय मी तिला. पण कुलूप मला लावता येत नाही गं, नंबर तुझ्या नावावर. मोठ्यांच्या नावावरचा नंबर उघडाच राहणार, हा तुम्हा शहाण्यांचाच नियम ना? पाचच्या आत येऊन सही कर. तीही येईल तेव्हा. आणि हे बघ, तिला एका अक्षरानं विचारायचं नाही. दे शब्द."

"दिला."

तुम्हा शहाण्यांचा... त्या बैठकीत कुणीतरी विचारलं होतं खरं, आईबापांच्या नावावरचा फोन पोराच्या हातात असला तर? आणि हीच बोलली होती, ठामपणे, "तिथं आई असते की!" सगळ्यांनी माना डोलावल्या, 'पालकांनी लक्ष ठेवावे' अशी ओळ नियमांत पडली, आणि अकराव्या वाढदिवसाला तिनं आपला जुना फोन, नंबरासकट, लेकीच्या हातात ठेवला...

पण सलत होतं ते हे नव्हतंच. देवापुढं हात जोडूनही कबूल करायला लाज वाटावी असं काही सलत होतं. मावशी! वेण्या मावशीच्या हातच्या हव्यात, पहिलं पाऊल टाकलं तेही मावशीच्या दिशेनं — आणि आता हेही? मी दिवसभर डोळ्यांत जगाची घाण भरून घेते, कुणाकुणाच्या पोरांसाठी. आणि माझ्या पोरीनं नेमकं काय पाहिलं ते त्या खिदळणाऱ्या बाईला ठाऊक, मला नाही? एक शब्द सांग, बाळ, मी ओळखीन, मीच आकडा लावला असेल त्याला...

परवा लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चौकटीचा रंग नखानं खरवडत. "आई, तू ऑफिसात काय बघतेस गं?" आणि ही पाठ न वळवता म्हणाली होती, "तुझ्या कामाचं नाही ते." लेक थोडी थांबली होती. मग गेली.

म्हणजे आली होती. आधी माझ्याकडेच आली होती.

साडेचारला तिनं संगणक बंद केला.

"आज लवकर?" शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

"एक सही करायचीय."

दिवसातून एकदा तरी ओठांवर आलेला शब्द गिळायचा, हा तिचा रोजचा नेम. पण आजचा घास, लेकीला काहीच न विचारण्याचा, मोठा होता. आता दुकानात दोघी एका स्टुलावर बसल्या असतील, हसत... आणि मग वाटलं, धाकटीनं बहुतेक काही विचारलंच नसेल. नुसती सरकून जागा दिली असेल. तेवढंच तर जमतं तिला, आणि तेवढंच मला कधी... हेवा गेला नव्हता. फक्त आता तो लेकीवरच्या हक्काचा राहिला नव्हता, त्या सरकण्याचा झाला होता.

पर्समध्ये पेन आहे ना ते तिनं चाचपून पाहिलं, आणि काहीच ठाऊक नसलेला चेहरा कसा करायचा याचा विचार करत जिना उतरू लागली.