जीवाणी

गाळण्याच्या टोकाला थेंब लोंबत होता, सुटता सुटत नव्हता — असाच असेल का तो, जिवाच्याही आधीचा अगदी पहिला थेंब, तेलकट कातडी पांघरून बसलेला... आत जिवंत काहीच नाही, नुसते विजेच्या कडकडाटात जुळलेले चार-दोन रेणू, आणि मग त्यातल्या एकानं आपल्यासारखाच दुसरा केला! कुणी शिकवलं त्याला? काल कॉलेजात बाई म्हणाल्या, हे अजून कुणालाच कळलेलं नाही, आणि तेव्हापासून चेतनाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एवढं मोठं कोडं अजून शिल्लक होतं, मंचरच्या कांद्याच्या व्यापाऱ्याच्या पोरीलासुद्धा.

आज पप्पा, खेमचंदशेठ, तिचा एम.एस्सी.चा प्रवेश पक्का करायला पुण्याला निघाले होते. आईनं, कस्तुरबाईंनी, मोठ्या मिनतवारीनं होकार दिलेला, तोही एका अटीवर — घरचे जैन नेम सुटता कामा नयेत. आईच्या लेखी जीव अनादि, त्याला सुरुवात कसली? पण आई, समुद्राच्या तळाशी तापलेल्या दगडांच्या कपारीत जीव आणि निर्जीव यांच्यामध्ये रेघच नसेल, नुसता उतार असेल, आणि मला तो उतार बघायचाय... हात आपले पिण्याच्या पाण्याचं गाळणं उलटं करून मोरीत खळबळत होते.

"जीवाणी विहिरीत सोडलीस ना गं?"

आई दारात उभी होती. गाळण्यात अडकलेले बारीक जीव ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत हलक्या हातानं परत सोडायचे; हे चेतना परकरात होती तेव्हापासून करत आली होती. आज ते पाणी मोरीतून थेट गटारात गेलं होतं.

नुसतं हो म्हटलं की पुणं पक्कं. ओसरीवर पप्पा चपला घालत होते.

"नाही," ती म्हणाली. "मोरीत गेली. पहिला जीव कसा झाला असेल, त्याच नादात होते."

"आवो, थांबा जरा," आईनं बाहेर हाक दिली. मग उंबऱ्यावर बसली. "जिवाच्या नादात जीवच गटारात घातलेस व्हय? सांग मग. कसा झाला म्हणत्यात?"

रागावली होती की खरंच विचारत होती, कळेना. चेतनाला भ्यायला हवं होतं. पण छातीत नुसतं उधाण आलं होतं — "आई, आधी नुसता दगड व्हता, आणि पाणी..." ती सांगत सुटली, ओले हात हवेत, पप्पा दारात पिशवी घेऊन उभे, आणि आपण आता परवानगी मागत नाही आहोत हे मधेच तिच्या ध्यानात आलं, तरी ती थांबली नाही.