इतिहास घेतलेला थॅड

“पुन्हा वर्गात पहिला? आणि तू म्हणे इतिहास शिकून आलास!” मॅरिबेथ हसत म्हणाली, पण तिची नजर हसत नव्हती.

“नशीब गं,” म्हणत थॅडने बॅग उचलली.

अमेरिकेतल्या टोलीडो शहराच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला दोघं एकाच टेबलाशी बसायची. तिथे आधी कुठलीही पदवी घेऊन मग डॉक्टरकीला जाता येतं. थॅडने विज्ञानाचे लागतील तेवढेच विषय करून इतिहासात पदवी घेतली होती. मॅरिबेथला चित्रकला घ्यायची होती. “डॉक्टर व्हायचंय ना? मग ही थेरं कशाला?” वडील म्हणाले. तिने मुकाट्याने जीवशास्त्र घेतलं. आणि आता मूत्रपिंडाच्या पेपरात ती कशीबशी पास झाली होती.

थॅड दर शनिवारी गायब व्हायचा. कुठे, ते सांगायचा नाही. याला कुणीतरी पेपर पुरवतंय, असं तिच्या मनाने घेतलं. शुक्रवारी तिने डीनच्या ऑफिसात तसं सांगूनही टाकलं. शनिवारी पुरावा हवा म्हणून ती त्याच्या मागे गेली.

तो आपल्या आईच्या ब्युटी पार्लरमध्ये शिरला. दार उघडंच होतं.

“म्हणजे हृदय दमलं, म्हणून माझे पाय सुजतात?” केसांना रोलर लावलेली एक म्हातारी विचारत होती.

“हो ना,” थॅड म्हणाला. “रक्त पुढे नीट जात नाही. मूत्रपिंडाला वाटतं, अंगात पाणीच कमी आहे. म्हणून ते पाणी धरून ठेवतं.”

“मेलं आमच्या ह्यांच्यासारखंच! कळत काही नाही, अन् कारभार सगळा हातात!”

सगळं पार्लर हसलं. बाहेर मॅरिबेथला तो पाठ केलेला धडा पहिल्यांदा समजला.

“थॅडच्या वर्गातली का गं तू? आत ये,” त्याच्या आईने कात्री थांबवून हाक मारली. “दर शनिवारी हा आपला धडा आम्हाला कळेपर्यंत सोडत नाही बघ. आणि कुणाला सांगायला मात्र लाजतो!”

थॅड कानापर्यंत लाल झाला. मॅरिबेथ आत आली, पण पुढ्यात ठेवलेली कॉफी तशीच टाकून निघाली.

सोमवारी ती डीनच्या ऑफिसात धावली. बाहेरच्या बाकावर थॅड टाय लावून बसला होता.

“कुणीतरी तक्रार केलीय,” तो म्हणाला.

“मी केली.” ती त्याच्या शेजारी बसली. “मागे घ्यायलाच आलेय.”

तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारलं गेलं. तीही उठली.

“तू नंतर ये,” तो म्हणाला. “माझी बाजू आधी मलाच सांगू दे.”

तो आत गेला आणि त्याने दार हळूच लावून घेतलं.