नळी हलत होती

या बँडला जे काही नाव मिळालं ते शिलाई मशीनच्या एका पट्ट्यामुळे मिळालं, आणि हे त्यांच्यातलं कुणीही नाकारत नाही. पहिली कॅसेट त्यांनी गाद्यांच्या गोदामात रेकॉर्ड केली. गाद्या आवाज गिळतात आणि गोदामाचा मालक भाडं मागत नव्हता, एवढी दोनच कारणं. टेपचं यंत्र काकांचं. काका म्हणजे बँडमध्ये गाणाऱ्या मास्तरचे सख्खे काका, रेडिओ दुरुस्त करणारे. पुढे ते सगळ्यांचेच काका झाले. यंत्राचा पट्टा तुटला होता, नवा मिळेना, म्हणून काकांनी काकूंच्या शिलाई मशीनचा पट्टा कापून त्यात बसवला. यंत्र चालू झालं. जरा रेंगाळतच चालू झालं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्याच यंत्रावर परत ऐकलं की सगळं जिथल्या तिथे वाटायचं.

पण प्रती काढून आणल्या त्या दुसऱ्याच्या, धडधाकट यंत्रावर. ऐकतात तर काय, गाणी पळत सुटलेली! वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा मास्तरचा भारदस्त आवाज सहावीतल्या पोरासारखा झालेला. ड्रम वाजवणारी धाकटी म्हणाली, "हे आपण नाही. हे आपल्यामागे कुत्रं लागलंय."

काकांना कुठे तोंड लपवू असं झालं. काकू तर पट्ट्यासाठी पुढे कित्येक महिने त्यांना टोचत होत्या. पण लोकांनी ती कॅसेट डोक्यावर घेतली. मूळचा हा बँड आरामात डुलत वाजवणारा. स्का म्हणजे ठेक्याच्या मधल्या फटीत गिटार वाजवायची, एवढंच त्यांना येत होतं आणि तेवढंच आवडत होतं. आता मात्र जिथे जावं तिथे लोक म्हणायचे, कॅसेटसारखं वाजवा. मग काय करतात? आपल्याच कॅसेटच्या मागे धावता धावता ते पंक झाले, म्हणजे सुसाट, आरडाओरडा करत वाजवणारे. आलिया भोगासी असावे सादर, दुसरं काय.

दुसऱ्या रेकॉर्डला त्यांनी शहाणपणा केला. चांगला काचेचा स्टुडिओ घेतला. तिथल्या माणसाने एकेकाला वेगळं बसवलं, कानात घड्याळासारखी टिकटिक लावली आणि तुकडे तुकडे घेऊन जोडले. धाकटीने हेडफोन भिंतीवर भिरकावला, तो आवाज सोडला तर त्या रेकॉर्डमध्ये जिवंत असं काही नव्हतं, आणि तोसुद्धा त्या माणसाने कापून टाकला. रेकॉर्ड कुणी विचारली नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. बँडने नियमच करून टाकला की इथून पुढे सगळ्यांनी एका खोलीत, एकाच वेळी वाजवायचं. चुकलं तर सगळं पहिल्यापासून. जोड लावायचा नाही. तिसरी रेकॉर्ड सुट्टीत मास्तरच्या शाळेच्या व्यायामशाळेत झाली, याच नियमाने, आणि ती झकास झाली.

आता चौथी होती, आणि रंगारी घाबरला होता.

रंगारी म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ. गॅरेजमध्ये गाड्यांवर रंगाचा फवारा मारायचं त्याचं काम, आणि बँडमध्ये तो ट्रॉम्बोन वाजवायचा. ट्रॉम्बोनला बटणं नसतात, एक लांब नळी पुढे-मागे सरकवून सूर काढायचे असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं सगळी करामत त्या नळीतच आहे. खरं काम छातीचं. आणि रंगाऱ्याची छाती इतक्या वर्षांच्या फवाऱ्याने पार कामातून गेली होती. गॅरेजने मास्क दिला होता, नाही असं नाही. तो रंगाऱ्याने इमानेइतबारे रोज गळ्यात अडकवला. नाकावर घेतला की गुदमरतं म्हणायचा! आता मास्कशिवायच गुदमरत होतं.

गेलं वर्षभर त्याने ही गोष्ट लपवली होती, आणि लपवण्याची युक्ती अशी, की दम संपला की फुंकणं थांबवायचं पण नळी हलवत राहायचं. गाल फुगलेले, भुवया वर, नळी पुढे-मागे, आणि आत वारा शून्य. समोर लोक नाचताहेत, बाजूला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन कोकलताहेत, मागे धाकटीने आकाश पाताळ एक केलेलं. कुणाला काय कळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण टेपवर नळी दिसत नाही. टेपवर फक्त वारा ऐकू येतो. जिथे त्याचा दम सुटेल तिथे गाण्याला भोक पडणार, आणि ते भोक सगळे मिळून ऐकणार. मग एक तर ते हळहळतील आणि त्याच्यासाठी सोपं काहीतरी शोधतील, किंवा न हळहळता दुसरा कुणीतरी शोधतील. दोन्हींपैकी जास्त वाईट काय, हे त्याला ठरवता येत नव्हतं. बँडमधून उठला तर उरणार काय? गाड्यांची दारं रंगवणारा एक खोकणारा माणूस. त्याने मनाशी ठरवलं होतं की ही रेकॉर्ड कशीबशी निभवायची आणि मग आपणहून, हसत हसत, आता पुरे म्हणायचं.

या वेळची खोली सॅक्सोफोनवाल्याच्या लाँड्रीच्या मागची. चारी बाजूंनी दांड्यांवर कोट टांगलेले, कुणी न्यायला न आलेले, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. काकांनी आधी सगळं प्लॅस्टिक काढायला लावलं, कारण ते सळसळतं. आता त्यांना ऐकू कमी येत होतं, पण प्लॅस्टिक बरोबर ऐकू यायचं. फुंकणारे तिघे एका कोपऱ्यात, मध्ये एक माइक त्यांच्यासाठी वेगळा. रंगाऱ्याच्या उजवीकडे ट्रम्पेट घेऊन नर्स. ती इस्पितळातली ड्यूटी संपवून थेट आलेली, पायात अजून वॉर्डातल्याच चपला. डावीकडे सॅक्सोफोनवाला, आपल्याच दुकानात पाहुण्यासारखा अवघडून उभा.

"जोड नाही," मास्तर म्हणाला. दर वेळी म्हणायचा, प्रार्थनेसारखं.

"बडबड नाही," काका म्हणाले, आणि टेप सुरू झाली.

गाणं सगळ्यात जलद होतं आणि शेवटी फुंकणाऱ्यांची एक लांबच लांब ओळ होती, जी रंगाऱ्यानेच बऱ्या दिवसांत रचली होती. स्वतःच्या हाताने खणलेला खड्डा! अर्ध्या ओळीत त्याचा दम गेला. डोळ्यांपुढे कोट हलायला लागले. त्याने नळी हलवत ठेवली, सवयीने, आणि मनात म्हणाला, झालं, संपलं.

गाणं थांबलं. कुणी बोललं नाही, कारण काकांची तशी सक्त ताकीद असायची. मग काकांनी टेप मागे नेऊन ती लावली, आणि सगळे कोटांच्या मध्ये उभे राहून ऐकू लागले. रंगारी जमिनीकडे बघत होता. ती ओळ आली. सुरू झाली, चढली, आणि पार शेवटापर्यंत सलग गेली. भोक कुठेच नव्हतं.

"वा!" मास्तर म्हणाला. "दादा, काय वाजवलंस!"

रंगाऱ्याला क्षणभर खरंच वाटलं, की आपण वाजवलं असेल. माणूस आपल्या बाबतीत फार लवकर चांगल्यावर विश्वास ठेवतो. पण मग त्याला राहवेना. बाकीचे पाणी प्यायला गेल्यावर तो काकांजवळ गेला.

"काका, नुसता आमचा माइक ऐकवता का? बाकी सगळं बंद करून?"

काकांनी त्याच्या कानांवर हेडफोन चढवला. आता फक्त तिघेच होते. त्याचा ट्रॉम्बोन चढला, अर्ध्या ओळीत घरघरला आणि थांबला. आणि तो थांबायच्या किंचित आधीच ट्रम्पेट खाली उतरला होता. ट्रम्पेट खाली कधी उतरत नसतो, त्याचं काम वर ओरडायचं. पण नर्स आपल्या वाद्याच्या तळाशी जाऊन, जाड, घोगऱ्या आवाजात त्याची ओळ वाजवत होती. पुढे तिचा दम संपत आला तसा सॅक्सोफोन शिरला आणि ओळ घेऊन गेला. कुठे खटका नाही, कुठे शोधाशोध नाही. हे आज पहिल्यांदा चाललेलं नव्हतं. ज्यांनी हे शंभरदा केलंय त्यांनाच ते असं जमतं.

रंगाऱ्याने हेडफोन काढला. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं. तो तसाच फुंकणाऱ्यांच्या कोपऱ्यात परत गेला.

"कधीपासून?" त्याने नर्सला विचारलं.

ती ट्रम्पेटमधलं पाणी झटकत होती. तिने मान वर केली नाही. "गेल्या हिवाळ्यापासून. तुझी नखं निळी पडतात. मी दिवसभर लोकांची नखंच बघते रे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलला नाहीस म्हणून. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल. तोवर ओळ पडू द्यायची नाही." तिने सॅक्सोफोनवाल्याकडे बोट केलं. "यालाही मीच सांगितलं. याच्या पोटात काही राहत नाही, पण हे राहिलं."

सॅक्सोफोनवाल्याने उगाचच एक कोट झटकला.

"काय नखं? कसली नखं?" धाकटी दारात उभी होती. तिला सांगावं लागलं, आणि सांगितल्यावर तिने हातातल्या काठ्या अशा फेकल्या की एक कोटाच्या बाहीत जाऊन अडकली. "सगळ्या जगाला माहीत! सख्खी बहीण मागे बसून वर्षभर तुझी पाठ बघतेय, तिलाच कळायचं नाही? अरे दादा, मी तुला दमवत होते आणि तू नळी हलवत होतास?" ओरडता ओरडता ती रडायला लागली. मग रडण्याचा राग आला म्हणून पुन्हा ओरडली.

मास्तर म्हणाला, गाणं हळू करू. "लोक झोपतील," रंगारीच म्हणाला. काका म्हणाले, शेवटची ओळ वेगळी घेऊन जोडून देतो, कुणाला कळणार नाही. त्यावर सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते आपले यंत्र पुसायला लागले.

"ही माझी शेवटची रेकॉर्ड," रंगारी म्हणाला. ठरवल्याप्रमाणे हसत हसत म्हणायचं होतं, पण हसू काही आलं नाही. "तुम्ही दोघं माझं ओझं किती दिवस वाहणार?"

"ओझं?" नर्स आता मात्र तापली. "मूर्खा, त्या खालच्या सुरांत ट्रम्पेट वाजवायला मिळतो म्हणून मी वर्षभर खूश आहे. तुला काढलं तर मला परत वर ओरडत बसावं लागेल. सोमवारी इस्पितळात यायचं. छातीच्या डॉक्टरांना दाखवायचं, मी सोबत येते. आणि तो मास्क नाकावर. गळ्यात नाही, नाकावर."

"नाकाला मी बांधते," धाकटी म्हणाली.

रंगारी आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. मग त्याने ट्रॉम्बोन उचलला आणि नर्सला म्हणाला, "चोरून घेत होतीस म्हणून तुला घाईत उतरावं लागायचं. आता सांगून घे. मी तिसऱ्या वळणावर सोडतो. तू तिथे ये, अगदी आरामात. शेवटचं मात्र माझं."

"शेवटचं तुझंच," ती म्हणाली.

काठी बाहीतून काढण्यात आली. मास्तरने प्रार्थना म्हटली, काकांनी टेप सुरू केली. गाणं पळत सुटलं, नेहमीसारखं, कुत्रं मागे लागल्यासारखं. तिसऱ्या वळणावर रंगाऱ्याने ट्रॉम्बोन ओठांपासून काढला आणि नळी थांबवली. वर्षभरात पहिल्यांदा तो सगळ्यांदेखत नुसता उभा राहिला आणि श्वास घेत राहिला. शेजारून त्याचीच ओळ चालली होती, भरदार, न घाबरलेली. इतकी वर्षं तो या आवाजाच्या आत होता, बाहेरून त्याने तो कधी ऐकलाच नव्हता. अरेच्चा, त्याला वाटलं, हे तर बरं वाजवतात की!

"दादा!" मागून धाकटी ओरडली, टेप चालू असताना, काकांच्या डोळ्यांसमोर. "आता तू!"

आणि रंगाऱ्याने फुंकलं.