'क'च्या कप्प्यातलं कार्ड

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. ओकच्या लाकडाची, हातभर लांब, पितळी कडीची. सध्या राजधानीच्या संग्रहालयात काचेआड बसून असते. माझ्याखाली पाटी लावली आहे : 'हजारो नागरिकांना नावानिशी ओळखणाऱ्या गव्हर्नरांची पेटी'. तुमच्यासारखी मुलं ती मोठ्याने वाचतात आणि मला हसू येतं. ते काही आनंदाचं हसू नव्हे.

माझा जन्म मर्ल स्टॉकडेल यांच्या दारं-खिडक्यांच्या कारखान्यात झाला. एका चर्चचं दार करताना फळी उरली होती, तिची मुकादमाने मला घडवली. माझ्यात अक्षरवार कप्पे होते. एकेका माणसाची माहिती कार्डावर लिहून ती कार्डं कप्प्यांत भरायचं काम व्हर्ना कुबियाक या कारकून बाईंचं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं.

मर्लसाहेब दारं विकत आणि पक्षासाठी देणग्या गोळा करत. त्यांची एक रीत होती. फोन करण्याआधी कार्ड काढायचं, वाचायचं, मग नंबर फिरवायचा. पैशाचं नाव शेवटी.

"काय हो फिंचसाहेब, डावा गुडघा काय म्हणतोय? आणि आपली डचेस? व्याली का?"

डचेस ही फिंचसाहेबांची कुत्री. गुडघा काय, कुत्री काय, सगळं कार्डावर. पलीकडचा माणूस विरघळून जायचा. "काय आठवण आहे तुमची, मर्ल!" असं म्हणायचा आणि चेक पाठवून द्यायचा. आठवण माझी, अक्षर व्हर्नाबाईंचं, नाव मात्र साहेबांचं.

अशी एकोणीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या निवडणुका पोसल्या. चर्चच्या तळघरातली जेवणं, जत्रेतल्या केक-बिस्किटांच्या स्पर्धा, सगळीकडे मला मोटारीत घालून नेत. शेवटी एकदा म्हणाले, "दुसऱ्याच्या वरातीत किती दिवस नाचायचं, व्हर्ना? यंदा घोड्यावर मीच बसतो."

आणि बसले. निवडणूक जिंकून राज्याचे गव्हर्नर झाले. मीही त्यांच्या टेबलावर गेले. मंत्री मला बघून आदराने बाजूला सरकत. खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला होता.

दुसऱ्या वर्षी फिंचसाहेबांनी देणगीची परतफेड मागितली. त्यांना मिल लेकच्या काठची जागा हॉटेलसाठी हवी होती. त्या जागेवर एक सरकारी घर होतं. ज्यांची बुद्धी लहानपणीच थांबली, अशी दोनशे माणसं तिथे राहत. घर बंद करून माणसं लांबलांबच्या इस्पितळांत पांगवायचा आदेश तयार झाला. तो टाइप करायला आला व्हर्नाबाईंकडेच. त्यांचे हात थांबले. कागद तसाच ठेवून त्या आत आल्या.

"साहेब, एक काम होतं."

"अगं बोल ना, व्हर्ना!" म्हणत साहेबांचा हात सवयीने माझ्याकडे आला. 'क'च्या कप्प्यात बोटं चाळू लागली. कुबियाक नावाचं कार्डच नव्हतं. कारखान्याच्या दिवसांपासून सव्वीस वर्षं समोर बसणाऱ्या बाईचं कार्ड कोण लिहिणार? साहेब गडबडले. "आई कशी आहे तुझी?"

"आई जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही फुलं पाठवली होती. म्हणजे मीच पाठवली होती, तुमच्या नावानं."

"अरे हो, हो."

"साहेब, मिल लेकचं घर बंद करू नका. माझा भाऊ आहे तिथे. कॅझी. एकतीस वर्षं तिथल्या धोबीखान्यात टॉवेलांच्या घड्या घालतो. दर रविवारी मी जाते. दुसरीकडे नेलंत तर तो जेवायचा नाही. मला ठाऊक आहे ना त्याचं."

"तुला भाऊ आहे?" साहेबांनी विचारलं. मग म्हणाले, "बघतो."

'बघतो' म्हणजे काय, ते व्हर्नाबाईंना माझ्याइतकंच ठाऊक होतं. 'बघतो' मिळालेल्या लोकांना गोड नकाराची पत्रं त्याच तर लिहीत.

शुक्रवारी सही झाली. आदेश दुसऱ्या कोणीतरी टाइप केला होता.

त्या संध्याकाळी बाईंनी एक कोरं कार्ड काढलं, सावकाश लिहिलं, 'क'च्या कप्प्यात नीट लावलं आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. कॅझीला राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात हलवलं. त्याच गावात बाई खोली घेऊन राहिल्याचं पुढे साहेबांना भेटायला आलेल्या मुकादमाच्या तोंडून ऐकलं. कॅझी चमच्याने भरवलं तरच जेवायचा, तेही बहिणीच्याच हातून.

साहेबांना नवीन कारकून मिळाला, पण कार्डांवर नवं काही लिहिलं जाईना. एकदा त्यांनी एका विधुराला मोठ्या प्रेमाने विचारलं, "वहिनी काय म्हणतात?" पलीकडून फोन आपटल्याचा आवाज मलाही ऐकू आला. पुढची निवडणूक ते हरले. मला वाईट वाटलं नाही. मला इथे आणून ठेवलं आणि कडीला सील लावलं.

मित्रांनो, लांबच्यांचे गुडघे जरूर लक्षात ठेवा. पण जो रोज तुमच्या समोर बसतो, त्याच्या घरी कोण आहे, तेही कधी विचारत जा. विचारायला पैसे पडत नाहीत. म्हणूनच कदाचित ते राहून जातं.

व्हर्नाबाईंचं कार्ड अजून माझ्या पोटात आहे. त्यावर त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंय : 'कुबियाक, व्हर्ना. सव्वीस वर्षं. भाऊ कॅझी. त्याची चौकशी करावी.'

अजून कोणी केलेली नाही.