दुसऱ्याचा बिल्ला

मित्रांनो, बरीच वर्षं माझ्या अंगावर दुसऱ्याच्याच नंबराचा बिल्ला होता आणि त्यापायी मी भंगारात जाता जाता वाचलो. मी एका छोट्या, जुन्या मोटारीचा कार्ब्युरेटर. हवा आणि पेट्रोल योग्य मापाने मिसळून इंजिनाला भरवायचं, हे माझं काम. घास मोठा झाला की इंजिनाला ठसका लागतो, लहान झाला की बिचारं उपाशी राहतं.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, गार झाल्यावर घासला आणि माझा घसा मधोमध अरुंद ठेवला. हवा त्या अरुंद जागेतून धावत जाते आणि जाता जाता पेट्रोल ओढून घेते. सगळं झाल्यावर माझ्या झाकणाच्या स्क्रूखाली एक पितळी बिल्ला अडकवला. त्यावरचा नंबर ज्या गाडीच्या पुस्तकात असेल, ती गाडी माझी. तेव्हा मला त्या बिल्ल्याचा काय तो अभिमान!

माझे मालक छापखान्यात फोरमन होते. छापलेल्या अक्षरावर त्यांचा गाढ विश्वास आणि गाडीवर त्याहून जास्त जीव. रविवारी ते गाडी पुसायला बसले की मालकीणबाई म्हणायच्या, "अहो, घरातही एक खिडकी आहे पुसायची." तरी फिरायला निघताना पुढच्या सीटवर पहिल्या त्याच बसायच्या.

एकदा चढावर गाडी बंद पडली. पायाखालचं पॅडल लुळं पडलं होतं. ज्या तारेने ते माझ्या दांडीला जोडलेलं होतं, तिची छोटी पिन कुठेतरी गळून पडली होती. मालक बॉनेट उघडून डोकं खाजवत उभे राहिले. बाईंनी अंबाड्यातली एक पिन काढून त्यांच्या हातावर ठेवली. मालकांनी ती भोकातून ओवली, टोकं वळवली आणि गाडी निघाली. खिडकीतून वारा येत होता. सुटलेला अंबाडा मुठीत धरून बाई घरापर्यंत फुगून बसल्या होत्या.

"उद्या नवी पिन बसवतो. तुझी तुला परत," मालक म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही. मला मात्र ती केसांची पिन फार आवडायची. इतकं नाजूक काम माझ्या अंगावर दुसरं नव्हतं.

बिल्ल्याचा घोळ झाला गॅरेजात. तिथल्या काकांनी मला आणि एका मालवाहू गाडीच्या कार्ब्युरेटरला एकाच थाळीत रॉकेलने धुवायला घेतलं. बाहेरून आम्ही जुळे भाऊ, फरक फक्त घशात. त्याचा रुंद, माझा अरुंद. काकांची कोणाशी तरी गप्पा मारायची तंद्री लागली होती. त्यांनी त्याचा बिल्ला मला लावला आणि माझा त्याला. ज्याची गाडी त्याच्याकडे आम्ही बरोबर गेलो, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे ती मालवाहू गाडी मोडीत निघाली आणि तिचा कार्ब्युरेटर 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून माझ्या मालकांनीच घरी आणला.

मग मालकांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. मला काढून, पुसून, ती पिन पुन्हा माझ्या दांडीतच अडकवून त्या जुळ्याशेजारी एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं. किती वर्षं गेली, कोण जाणे. अंगात उरलेल्या पेट्रोलचा चिकट थर झाला. आपली कोणाला आठवण नाही, याचं दुःख फार असतं, मित्रांनो.

एके दिवशी डबा उघडला. घर बदलायचं ठरलं होतं आणि शेड रिकामी करायची होती. गाडी स्वतःच्या चाकांवर नव्या घरी जाईल, नाही तर इथेच कापली जाईल, असं मालकांनी सांगून टाकलं होतं. "लोखंडाचा काय मोह धरायचा?" असं ते म्हणाले खरे, पण बोलताना गाडीकडे बघत नव्हते. त्यांची लेक दातांची डॉक्टर. तिने गॅरेजवाल्या काकांना बोलावलं आणि बाह्या सरसावल्या.

आम्ही दोघं टेबलावर. लेकीने गाडीचं पुस्तक काढलं, बिल्ले वाचले. पुस्तकातला नंबर त्या जुळ्याच्या अंगावर!

"हाच आपला," मालक म्हणाले. "छापलेलं आहे की त्याच्यावर."

मी ओरडून सांगणार तरी कसा? मला भंगाराच्या बादलीत टाकलं.

जुळा गाडीवर चढला. इंजिन सुरू झालं, खोकलं, काळा धूर ओकलं आणि बंद पडलं. काकांनी स्क्रू फिरवून पाहिले, प्लग पुसले. पुन्हा तेच.

"इंजिनच थकलंय बहुतेक," काका हळूच म्हणाले.

मालक खुर्चीवर बसले. "भंगारवाल्याला बोलव," त्यांनी लेकीला सांगितलं. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात बाई रिकामी खोकी न्यायला शेडमध्ये आल्या. बादली ओलांडताना थबकल्या, वाकल्या आणि मला उचललं.

"अगं, ही तर माझी पिन."

"कुठली पिन, आई?"

"तुझ्या बाबांना विचार. उद्या परत देणार होते."

मालक ताडकन उठले. लेकीने तोंडात बघायचा छोटा आरसा आणून माझ्या घशात घातला, मग जुळ्याच्या. काकांनी दोघांचे घसे मापले. पुस्तकातलं माप माझं निघालं.

"दोघांना एकदम धुतलं असणार मी," काका खजील होऊन म्हणाले.

"आणि मी नुसता बिल्ला वाचत बसलो," मालक म्हणाले.

काकांनी मला खोललं, माझी बारीक भोकं तार न घालता हवेने साफ केली, सांध्यातून गळू नये म्हणून नवं गास्केट बसवलं आणि माझा बिल्ला मला परत लावला. आता इंजिन सुरू झालं आणि चालूच राहिलं. मालकांनी बॉनेटवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

जुळ्यालाही कोणी टाकलं नाही. स्वतःचा बिल्ला लावून तो काकांच्या फळीवर त्याच्या मापाच्या गाडीची वाट बघतो आहे. म्हणून सांगतो, मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी नुसतं तिच्यावरचं लिहिलेलं वाचू नका. तिला हातात घ्या, आत डोकावून पाहा आणि ज्यांनी ती वापरली त्यांना विचारा.

गुडघे कुरकुरत असले तरी नव्या घरापर्यंत गाडी आपणच चालवायची, असं मालकांनी ठरवलं. निघताना काकांनी माझ्या दांडीला पक्की पिन बसवली आणि जुनी मालकांना दिली. मालकांनी ती सरळ केली, रुमालाने पुसली आणि बाईंना परत केली. बाईंनी ती केसांत खोचली. केस आता विरळ झाले होते, पिन सैल बसली. मालकांनी एकदा त्या सैल पिनेकडे पाहिलं आणि गाडी सुरू करण्याआधी बाईंच्या बाजूची काच वर केली.