पाळीआधीचे दहा दिवस

मी फाटक्या तोंडाची, हे मिरकरवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तीस वर्षं सुकी मासळी विकतेय. तोंड बंद ठेवून कुणाचा धंदा चाललाय? पण त्याच तोंडाने मी माझ्या लेकाचं घर मोडलं. दुसऱ्या कुणी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते.

माझा सुजय मालवाहू जहाजावर असतो. सात-आठ महिने बाहेर, दोन-तीन महिने घरी. सून दिशा संगमेश्वरची, शिकलेली, कामाला वाघ. फक्त पाळीच्या आधी आठ-दहा दिवस तिचं बिनसायचं. डोकं ठणकायचं, पाय सुजायचे, भांडं पडलं तरी डोळ्यांत पाणी. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने मला सांगून पाहिलं. मी म्हटलं, "आम्ही काय बाया नव्हतो गो? बाळंतपणाच्या आदल्या दिशी मी डोक्यावर टोपली घेऊन बाजारात होते." त्यानंतर तिने मला काही सांगितलं नाही.

या फेब्रुवारीत सुजय जहाजावर गेला. पंधराएक दिवसांनी दुपारी मी खारा बांगडा भाजून दिशाला वाढला. तिने तो हळूच ताटाच्या कडेला सारला. चहा तर दोन दिवसांपासून बंदच होता. चेहरा सुजलेला, डोळे रडून लाल. आमच्या मासळीवर जगणाऱ्या घरांत सुनेला खारं नकोसं झालं की बायका एकच अर्थ लावतात. मीही तोच लावला.

"दिवस गेले काय गो?"

"नाही हो आई. पाळी जवळ आलीय. मला दर महिन्याला असंच होतं."

पहिलटकरीण लाजतेय, असं मी धरलं. तिच्या कपाटात गोळ्यांची बाटली सापडली, कॅल्शियम आणि बी-सिक्सची. "पोटात जीव असताना कसल्या गोळ्या खातंस?" म्हणून मी ती काढून घेतली. तिने माझा हात धरला. "आई, डॉक्टरबाईंनी दिल्यात. त्याने मला बरं वाटतं हो." पण मी ऐकते कसली! संध्याकाळपर्यंत शेजारच्या गाळ्यातल्या रझियाला सांगून झालं, सुजयला फोनही झाला. तो इतका हरखला की त्याला बोलताच येईना.

पाचव्या दिवशी दिशाला पाळी आली.

निदान तेव्हा तरी माझी जीभ झडायला हवी होती. पण पाच दिवस मी मनात पाळणा बांधून बसले होते, आणि माझा राग कुणावर तरी निघायलाच हवा होता. "गोळ्या खाऊन घालवलंस!" मी ओरडले. तेच सुजयला कळवलं. थोड्या वेळाने त्याचा दिशाला फोन आला. तो ऐकून तिने फोन ठेवला. मग तिने बॅग भरली आणि दुपारच्या एसटीने माहेरी गेली. जाताना रडली नाही, त्याचीच मला धास्ती वाटली.

चार दिवस मी ताठ्यात काढले. मग ती बाटली घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले.

"मालनताई, या गोळ्यांनी कुणाचा गर्भ पडत नाही," त्या म्हणाल्या. "पाळीआधीचा त्रास कमी व्हावा म्हणून देते, काहीजणींना गुण येतो. खारट कमी करा, चहा कमी करा, नाचणी, तीळ, पालेभाजी खा, असंही सांगते. आणि तो त्रास खरा असतो. नखरे नसतात ते."

घरी येऊन मी दार लावून रडले. सुनेसाठी रडले आणि माझ्यासाठीही. तरुणपणी त्याच दिवसांत माझंही डोकं फिरायचं, मी पोरावर हात उगारायचे, नवऱ्याचा मार खायचे. माझा स्वभावच वाईट, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं आणि मी ते मानलं होतं.

रात्री सुजयला फोनवर सगळं खरं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी संगमेश्वर गाठलं. दिशापुढे हात जोडले. सासूने सुनेपुढे हात जोडलेले आमच्याकडे कुणी पाहिले नसतील. तिने माझे हात खाली केले, पाणी दिलं आणि जवळ बसली.

"माझं चुकलं गो बाय. चल घरी."

"तुमच्यावर राग नाही, आई. तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"मग?"

"त्याला ठाऊक होतं. डॉक्टरबाईंकडे मला तोच घेऊन गेलेला. जाण्याआधी गोळ्याही त्यानेच आणून ठेवल्यान. आणि फोनवर मला विचारतो, खरं सांग, काय खाऊन पाडलंस?"

एवढं बोलल्यावर मात्र तिला रडू आलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. घरी चल म्हणायचं धाडस पुन्हा झालं नाही.

परतीच्या एसटीत सुजयचा फोन आला.

"आली काय तुझ्याबरोबर?"

"नाय."

"तू समजावलं नाय तिला?"

"मला माफ केलंन तिने," मी म्हटलं. "तुला नाय."

पलीकडे माझा पोर हुंदके देऊ लागला. मी फोन कानाला धरून बसले. आई आहे मी त्याची, पण ती येईल परत, असं त्याला खोटं सांगवेना.